नाताळच्या नाटकातली सुईण

१७ नोव्हेंबर २०१३, रविवार
उपासना आटोपली आणि पा. साहेबांनी मला एकटीला थांबवलं. (पा. = आमचे नवे पाळक, जूनमध्ये नगरकडून चिखल्याला आले.) म्हणाले, "बाई, यंदा नाटकातून सुईण काढून टाका."
मी हसले. ते हसले नाहीत.
"पवित्र शास्त्रात सुईण नाही. जे नाही ते आपण दाखवायचं नाही."
नाही? इतकी वर्षं मी संडे स्कूल चालवते आणि सुईण शास्त्रात नाही? "बघून सांगते" म्हणाले आणि घर गाठलं. वरणाला फोडणी द्यायची राहिली ती राहिलीच.

१८ नोव्हें., सोमवार
सकाळपासून चष्मा लावून बसले. चारही शुभवर्तमानं चाळली. जन्माची हकिकत दोघांनीच दिलीय. दोन्ही तीनतीनदा वाचल्या.
सुईण नाही.
बैल नाही. गाढव नाही. गुहा नाही, आणि आम्ही दरवर्षी गोणपाटाला चुना-काव फासून गुहा करतो! पूर्वेकडून आलेले ते ज्ञानी, मागी, तीन होते असंही कुठे लिहिलेलं नाही. मरियेच्या आईबापांची नावं मी पोरांकडून घोकून घेते, तीही नाहीत.
मग हे सगळं मला सांगितलं कोणी? सासूबाईंनी. त्यांना त्यांच्या सासूनं. नाटक कधी कागदावर आलंच नाही, तोंडातोंडी चालत आलं. मीही पुढे तेच दिलं, शास्त्र म्हणून.
यांना सांगितलं तर हे दाढी करता करता म्हणतात, "अवं, मंग नाळ कोनं कापली म्हनते तुया पाळक?"
पा. साहेबांना विचारण्याची सोय नाही. तिनं त्याला बाळंत्यानं गुंडाळलं, असं लिहिलंय. तिनं. स्वतः.

२३ नोव्हें., शनिवार
कौतिकामायला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.
नाटकातली सुईण तीच, शेजारच्या नाकाडोंगरीची. कोष्ट्याची लेक, गळ्यात तुळशीमाळ. खाणीच्या कॉलनीतली अर्धी पोरं तिच्या हातावर झाली, माझा अनुपही. आता सगळ्या बायका तुमसरला दवाखान्यात जातात. तिच्याकडे राहिलं बाळाला तेल लावणं, शेकणं, न्हाऊ घालणं. आणि नाताळचं नाटक.
नाटकात बाहुली नसते आमच्याकडे. खरं बाळ असतं, वर्षातलं सगळ्यात लहान, मग ते कोणाच्याही घरचं असो. आया ते फक्त कौतिकामायच्या हातात देतात. ती गुहेतून बाळ घेऊन बाहेर येते, भावाच्या मागावरच्या फडक्यात गुंडाळलेलं, आणि सगळ्यांना दाखवते. नवऱ्यामागं तिला कोणी मंगळागौरीला, हळदीकुंकवाला बोलावत नाही. हा एक दिवस तिला पुढे उभं करतात.
तो दिवस मी काढून घ्यायचा?

२९ नोव्हें., शुक्रवार
अनुपला फोन केला होता. तो नागपूरला कॉलेजच्या लायब्ररीत आहे. म्हटलं, शोध रे बाबा, ही सुईण आली कुठून. आज एस.टी.च्या कंडक्टरजवळ पाकीट आलं. झेरॉक्स, इंग्रजी. दुपारभर डिक्शनरी घेऊन बसले.
येशूच्या एका भावाच्या नावावर खपणारी पोथी आहे. फार जुनी. पश्चिमेकडे लोक ती विसरूनच गेले होते, मग पुन्हा हाती लागली. इजिप्तात एक अगदी जुनी प्रत सापडली म्हणतात. शास्त्रात घेतली नाही, पण लोक वाचत होते.
आणि तीत सगळं आहे!! गुहा आहे. मरियेच्या आईबापांची नावं, मी शिकवते तीच. योसेफ बाहेर सुईण शोधायला जातो, आणि डोंगरावरून एक बाई उतरून येते. आमच्या नाटकात कौतिकामाय उजवीकडच्या टेकाडावरून येते, अगदी तशीच.
योसेफ त्यात म्हातारा, बायको मेलेला, मोठ्या पोरांचा बाप. आमच्या नाटकात योसेफ हेच होतात, म्हणून यांना सांगितलं. पा. साहेबांनी यांना "योसेफ तरुण हवा, काका" असं ऐकवलंय, तेव्हापासून घुश्शात आहेत. एकदम खुलले. "पाह्य, मी बरोबरच हाओ का नाई?"
पुढचं मात्र यांना सांगितलं नाही. कुमारीला बाळ झालं यावर सुईणीची एक सोबतीण विश्वास ठेवत नाही, म्हणते मी हातानं तपासून पाहीन. आणि तपासते. हात जळाल्यासारखा होतो. मग बाळाला उचलून घेते तेव्हा बरा होतो.
वाचून कागद पालथा घातला. मरियेला असं कोणी... छे. हे आपल्या धर्मात होतं? कोणीतरी लिहिलं, कोणीतरी भक्तीनं वाचलं? दिवसभर धड काही सुचलं नाही.

३ डिसेंबर, मंगळवार
झेरॉक्स घेऊन पा. साहेबांकडे गेले. वाटलं, ते हादरतील. त्यांनी पहिलं पान पाहिलं आणि परत दिलं.
"मला माहीत आहे, बाई. सेमिनरीत परीक्षेला होतं."
माहीत आहे! मी तिथेच खुर्चीत बसले.
म्हणाले, अशा पुष्कळ पोथ्या होत्या. एका गावची मंडळी ही वाचायची, दुसऱ्या गावची ती. मरियेच्या नावाची होती, थोमाच्या नावाची होती. काही वाळूत पुरलेल्या निघाल्या. कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या नाही, हे ठरायला पहिली काही शतकं गेली.
"म्हणजे माणसांनी बसून निवडलं?"
"पवित्र आत्म्याच्या मार्गदर्शनानं."
"पण माणसांनी."
म्हणाले, "मंडळी साधी आहे. तिला हे सांगून काय मिळणार? बाहुली वापरू. कौतिकाबाईंना पुढच्या रांगेत बसवू, साडी देऊ."
मी आजवर काय शिकवत आले? पहिली मंडळी एकदिलाची, एक पुस्तक, वरून जसं उतरलं तसं. इकडे त्यांनी तांदूळ निवडावे तसं निवडलंय, आणि पा. साहेबांना ते ठाऊक आहे, आणि आम्ही साधे!
संताप संताप झाला. मंडळी साधी आहे म्हणे.

८ डिसें., रविवार
आज प्रार्थनेला डोळे मिटले आणि काही म्हणता येईना. असं कधीच झालं नव्हतं. हातातलं शास्त्र तेच, लग्नातलं. पण मनात येतं, याच्या बाहेर काय काय राहिलं असेल? आणि आत आहे ते...
नको. हे लिहायलासुद्धा भीती वाटते.

१४ डिसें., शनिवार
नाकाडोंगरीला जाऊन आले. सांगितलं एकदाचं.
कौतिकामाय अंगणात कोणाचं तरी तान्हं पायांवर घेऊन तेल लावत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "मी का चुकली का बाई काई?"
"नाही गं माय. शास्त्रात तू नाहीस. म्हणून."
"तुमच्या पुस्तकात मी नाई?"
"एका पुस्तकात आहेस. जे धरतात त्यात नाहीस."
"मंग खरं कोन्तं?"
समोर तान्हं तेलानं चकाकत होतं. माझं हे कामच आहे, उत्तर देणं, आणि मला येईना.
ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी कायले रडून राहिल्या? येईन पाहाले." फडकं या वर्षीचंही विणून झालंय. आतून आणून दाखवलं. मला देऊ लागली बाहुलीसाठी, मी घेतलं नाही.

२२ डिसें., रविवार
तालीम. "सुईण आहे का कोणी?" ही योसेफाची हाक गाळली. आता योसेफ नुसता इकडून तिकडे जातो आणि देवदूत गातात. बाहुली गुलाबी, निळ्या डोळ्यांची. लहान पोरं तिच्याकडे पाहून फिदीफिदी हसली. मी रागावले त्यांच्यावर. रागवायचं होतं दुसऱ्यावर.

२६ डिसें., गुरुवार
काल जे झालं ते अजून खरं वाटत नाही.
मैदान भरलेलं. गावातले, कॉलनीतले, शिफ्ट सुटून आलेले. पा. साहेब पहिल्या रांगेत, शेजारी कौतिकामाय, नव्या साडीची घडी मांडीवर. पण मांडीवर आणखीही काही होतं. यंदाचं बाळ. त्याच्या आईनं आपण होऊन तिच्याकडे दिलं होतं.
मी नेहमीप्रमाणे पडद्याआड, वाक्यं सुचवायला. मरिया बसली. हे काठी टेकत पुढे आले. इकडून तिकडे जायचं आणि थांबायचं, बस. हे थांबले, लोकांकडे वळले आणि नेहमीच्या खड्या आवाजात ओरडले, "सुईण आहे का कोणी?"
सवयीनं गेलं तोंडातून की मुद्दाम? विचारलं तर मिशीतल्या मिशीत हसतात, सांगत नाहीत.
देवदूत माझ्याकडे बघायला लागले. पुढचं वाक्य मी द्यायचं होतं. दिलं नाही. देववेना. पा. साहेब सरळ समोर बघत होते.
कौतिकामाय जागची उठली नाही. उठू नको असं मीच तिला सांगून आले होते. ती तिथूनच म्हणाली, आणि ते सगळ्यांनी ऐकलं:
"बाई, येऊ का?"
पडदा बाजूला करून मी बाहेर आले. कशी आले, ठाऊक नाही.
"ये, माय."
ती आली. टेकाडावरून नाही, लोकांतूनच. बाळ वर धरलं. कोणीतरी रडत होतं. मग लक्षात आलं, मीच.
पा. साहेब शेवटच्या प्रार्थनेला थांबले नाहीत. आज निरोप आला: रविवारी मंडळीच्या पंचांची सभा, झेरॉक्स घेऊन यावं. संडे स्कूल माझ्याकडे राहील की नाही, तेही तिथेच ठरेल. हे म्हणतात, "मी येतो संग." मी म्हटलं, नको.
विचारतील, कोणत्या पुस्तकाच्या आधारानं बोलावलंत तिला? "ये, माय" म्हणताना माझ्या मनात एकही पुस्तक नव्हतं. पंचांसमोर हे कसं सांगू?