ती शुद्ध बोलू लागली

बाई, तुम्ही आज असतात तर मी तुम्हाला एक आवाज ऐकवला असता आणि यात चूक काय आहे असं विचारलं असतं. तुम्हालाही सापडली नसती. उच्चार स्वच्छ, वाक्यं पूर्ण, क्रियापद जागच्या जागी. माझी धाकटी बहीण तर तो आवाज मोबाइलवर लावून निलंग्याजवळच्या आमच्या गावात घरोघर ऐकवत फिरते. तो तिच्या थोरल्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा आवाज आहे. ती आखातात एका घरी मुलं सांभाळायला गेली आहे. गावाला त्या आवाजाचं कौतुक आहे. मला मात्र तो ऐकल्यापासून घास गोड लागत नाही.

तुम्हाला लिहिते आहे, कारण यातली मेख समजेल असं दुसरं कुणी उरलेलं नाही. नांदेडला वसतिगृहात आले तेव्हा माझा सगळा कारभार ‘हाव’ आणि ‘न्हाई’वर चालायचा. तुम्ही मराठी शिकवायचात आणि वसतिगृहही सांभाळायचात. रविवारी आम्हा खेड्यातल्या मुलींना शेंगा फोडायला म्हणून स्वयंपाकघरात बोलवायचात, पण खरं काम आमची तोंडं दुरुस्त करायचं असायचं. माझ्यापुढे हातआरसा धरून म्हणायचात, ‘जीभ कुठे लागते ते बघ. पानी नव्हे, पाणी.’ टरफलं पायाखाली कुरकुरतात, स्टोव्हवर चहा उतू जातो आणि मी आरशात स्वतःची जीभ न्याहाळत ‘पाणी, पाणी’ म्हणत बसले आहे. शेजारची उदगीरची मुलगी पुटपुटते, ‘बाई, तिला पाजा तरी आता.’ तुम्ही हसला नाहीत. वर्ष संपताना तो आरसा मलाच देऊन टाकलात.

मग माझे वडील गेले. निरोप घेऊन तुम्ही स्वतः वर्गाच्या दाराशी आलात. मी म्हणाले, ‘हो बाई. मी सामान भरते. मला दुपारची गाडी मिळेल.’ डोळ्यांत टिपूस नाही. तुम्ही बस स्टँडपर्यंत आलात, मला खिडकीशी बसवलंत आणि गाडी सुटताना म्हणालात, ‘तू इतकं शुद्ध बोललीस की मला भीती वाटली. घरी जाऊन तुझ्या भाषेत रड.’ मला राग आला होता. एवढं सगळं शिकवलंत, आणि आता हे? पुढे मी लातूरला तीस-एक वर्षं तुमचाच विषय शिकवला, मुलांचे ‘हाव’ लाल शाईने खोडले, आणि निवृत्त झाले. त्या वाक्याचा अर्थ मला आत्ता, या भाचीमुळे लागला.

भाची अंगणवाडीत मदतनीस होती. नवऱ्याने दुसरं घर केल्यावर माहेरी आली होती. तिला स्वतःच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या, बाकी काही नको होतं. औशाच्या एका माणसाने हे काम आणलं. जुळी मुलं, मोठं घर, कुटुंब मराठी आणि मूळचं आपल्याच भागातलं. ‘आपलीच माणसं हायत अक्का,’ बहीण म्हणाली. आमच्याकडे या वाक्यानंतर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मीही विचारला नाही. उलट फोनवरच्या मुलाखतीसाठी तिला लातूरला बोलावून घेतलं आणि माझ्या स्वयंपाकघरात तिची तयारी करून घेतली.

‘हाव नको. हो म्हण.’

‘हो.’

‘लेकरं नाही म्हणायचं. मुलं.’

‘मावशे, तिथली लेकरं काय व्याकरणात रडतेत का?’

मी दटावलं. ती खो खो हसली. मुलाखत सुरू झाली आणि ती घाबरून पुस्तकासारखी बोलली. ‘होय मॅडम. मला मुलांची आवड आहे.’ फोन ठेवल्याबरोबर ओट्याला टेकून म्हणाली, ‘आई गं! जीभ आखडली माझी. पाणी दे.’

पहिले काही महिने तिचे निरोप यायचे आणि मी एकटी असूनही मोठ्याने हसायचे. ‘मावशे, घर लई गार करतेत. भाईर आग अन् आत मी गोधडी घेऊन झोपायलेय. झाडायचं मशीन हाय, कुत्र्यावानी आपलं आपलंच फिरतंय. मी त्याला मोत्या म्हणते.’ नंतर एकदा म्हणाली, ‘धाकटं लेकरू माझ्याबिगर खातच न्हाई. त्याच्या आईला राग येतो. पर मी काय करू?’ तिच्या भाषेतला हा शेवटचा निरोप.

मग बरेच दिवस काही आलं नाही. आणि मग तो आवाज आला. ‘नमस्कार मावशी. मी इथे सुखरूप आहे. सर्वजण माझी काळजी घेतात. तुम्ही माझी चिंता करू नका.’ तुम्ही! जन्मल्यापासून ती मला ‘तू’ म्हणते.

बहिणीचा लगेच फोन, तिलाही असाच निरोप गेला होता. ‘ऐकलीस का अक्का? टीव्हीवर बातम्या देतेत तसं बोलायली माझी लेक!’ मी म्हटलं, हे बरं लक्षण नाही. ती चिडली. ‘तू शिकलीस तवा चांगलं. माझी पोर बोलायली तर तुझ्या पोटात दुखायलंय.’

मी भाचीला फोन लावला. मालकिणीने उचलला. आवाज गोड, अगदी मधात बुडवलेला. ‘अहो मावशी, ती आमच्या घरचीच आहे. घरच्या माणसाला कसली सुट्टी अन् कसला वेगळा फोन? मुलं ओढतात म्हणून माझ्याकडे ठेवलाय. पासपोर्टही मीच जपून ठेवलाय, काळजी नको.’ मी म्हटलं, तिला द्या. फोन तिच्याकडे गेला, पण गोड आवाजाचा श्वास मागे ऐकू येत होता. मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘हो मावशी’ किंवा ‘नाही मावशी’. मग मी एक गोष्ट केली. कितीतरी वर्षांत जे तोंडातून काढलं नव्हतं ते काढलं. ‘काय करायलीस गं बाळे? जेवलीस का न्हाई?’

पलीकडे एक लेकरू रडत होतं. मग ती अगदी हळू म्हणाली, ‘मावशी, असं बोलू नका. इथे चालत नाही.’ आणि फोन बंद झाला.

परदेशी कामाला गेलेल्यांच्या तक्रारी घेतात अशा एका कार्यालयात मी गेले. तिथला माणूस सज्जन होता, त्याने खुर्ची दिली, निरोप दोनदा ऐकला. म्हणाला, ‘मॅडम, ती स्वतःच म्हणतेय की सुखरूप आहे. तक्रार कशाची लिहू? व्याकरणाची?’ मला त्याचा राग आला नाही. माझ्याकडे दाखवायला दुसरं होतं तरी काय? त्याने अर्ज घेतला, वर पाठवतो म्हणाला. अजून उत्तर नाही. तशीच एसटीने औशाला गेले. मुलींना पाठवणारा तो माणूस पान चघळत म्हणाला, ‘वायदा पुरा झाल्याबिगर कशी येईल? बदली बाई द्या, उद्या येती.’

त्या आठवड्यात भाचीचा पुढचा निरोप आला. ‘माझ्या बहिणीला इकडे पाठवावे. ती आली की मला परत येता येईल.’ बाई, ‘पाठवावे’! विध्यर्थ! आमच्या गावात तो अजून पोचलेला नाही. हे वाक्य कुणीतरी तिच्या तोंडात घातलं आहे आणि ते म्हणताना कुणीतरी समोर उभं होतं, हे मला तुमच्या त्या आरशात दिसावं इतकं स्पष्ट दिसतं.

भाचीची धाकटी बहीण लातूरला कॉलेजात आहे, माझ्याच घरी राहते. तिने पासपोर्टला अर्ज केला. ‘मावशे, मी गेले की ताई सुटंल. मी काय भीत न्हाई.’ माझी बहीण म्हणते, ‘एक जाती, एक येती. काय बिघडलं?’ दोघींना मी बसवून, आमच्याच बोलीत, हे सगळं सांगितलं. दोघींनी ऐकून घेतलं, आणि नंतर नवीन बॅग आणली.

पासपोर्ट मागच्या आठवड्यात आला. पोस्टमन माझा विद्यार्थी. पोरगी कॉलेजात होती, आपल्या बाईच आहेत म्हणून त्याने विश्वासाने माझ्या हातात दिला. मी तो साड्यांच्या घडीत ठेवला आहे. पोरगी रोज परत आली की आधी दारावरची टपालपेटी उघडून बघते. मी भाजी निवडत असते, मान वर करत नाही. एकीचा पासपोर्ट त्या गोड आवाजाच्या बाईकडे आहे, दुसरीचा माझ्याकडे. मी हिला वाचवते आहे, की तिला तिथे आणखी एक दिवस ठेवते आहे, याचा निवाडा मला करता येत नाही. शाळेत तर मी मिनिटात करत असे. माझ्या त्या तक्रारअर्जाचं उत्तर आधी येईल अशा आशेवर दिवस ढकलते आहे. तुम्हाला विचारायचं होतं. पण तुम्हाला पत्ता नाही, आणि असता तरी हे पत्र टाकायची माझी हिंमत झाली नसती.

आज दुपारी बहिणीचा फोन आला. ‘अक्का, पोरीचं ते पुस्तक आलं का गं पोस्टात?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘अजून आलेलं नाही. उद्या मी स्वतः जाऊन चौकशी करते.’

ती मग म्हणाली, ‘अशी का बोलायलीस?’