अ म्हणजे अप्पाराव

१० नोव्हेंबर, सोमवार
एम.ए. संस्कृत, दुसरं वर्ष. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर माझं नाव. हजेरी बासष्ट टक्के, सबब प्रोबेशन. वय एकोणपन्नास. याआधी प्रोबेशनवर होतो ते दैनिकात वार्ताहर म्हणून चिकटलो तेव्हा.
ऑफिसातला क्लार्क तन्वीर म्हणाला, काका, हमीपत्रावर सही ठोका, परीक्षेला बसा, किस्सा खतम. साठच्या खाली असता तर सस्पेंड झाले असता. टेन्शन नक्को.
एवढं सोपं करून का सांगतोय?
संकल्प: सही करायची नाही.

११ नोव्हेंबर, सकाळी
संपादकांचा शब्द आहे. मे महिन्यात एम.ए. झालो तर शहरात उस्मानपुऱ्याच्या ऑफिसातलं डेस्क माझं. नाही तर आमच्या ज्युनिअर वार्ताहराचं, प्रणयचं. मग मला वैजापूरचा कांदा बाजार आणि शेअर जीपची मागची सीट, निवृत्तीपर्यंत. आणि नेमकं आत्ताच प्रोबेशन. प्रणयचा कोणी मामा कॉलेजात आहे का, तपासणं.
दुपारी: मामा नाही. आत्या असू शकते.

१२ नोव्हेंबर
अतुल सरांनी स्वतःहून चहा पाजला. आमचे व्याकरणाचे प्राध्यापक, हॉस्टेलचे रेक्टरही, वय सत्तावीस, मला काका म्हणतात. मागं मी ‘हॉस्टेलच्या टाकीत शेवाळ’ अशी बातमी दिली होती. तेव्हापासून हा गृहस्थ फार गोड वागतो. टाकीचा राग एवढा गोड कसा?
संकल्प: त्यांचा चहा घ्यायचा नाही. (बिस्किटं वेगळी.)

१४ नोव्हेंबर
सुरेखाला सांगितलं, माझ्याविरुद्ध कट आहे. ती मेथी निवडत होती. म्हणाली, तुम्ही जाता का पण कॉलेजला? म्हटलं, मनानं रोज जातो. म्हणाली, मग परीक्षेलाही मनालाच बसवा.
घरात हिला कोणीतरी फितवलंय.

१७ नोव्हेंबर, दुपारी
कट उघड.
तन्वीर जेवायला गेलेला. हजेरीचं रजिस्टर टेबलावर. ऐंशी तास. माझ्या ओळीत तीस चौकोनांत ‘अ’, पन्नास कोरे. इथली रीत अशी की सर फक्त गैरहजर माणसापुढं अ लिहितात, अनुपस्थितचा. कोरा म्हणजे हजर. सत्राच्या शेवटी तन्वीर बेरीज करतो. म्हणजे मी तीस दिवस गैरहजर.
पण हे तीसही अ माझ्या हातचे! तास सुटला की सरांच्या टेबलावरचं रजिस्टर ओढून मीच टाकलेले. पंचवीस वर्षं दैनिकाच्या मस्टरवर हेच करत आलो. अ म्हणजे अप्पाराव. वळण तर बघा. पाठशाळेत शास्त्रीबुवांनी पाटीवर गिरवून घेतलेला अ, असा आता कोण काढतं? आणि या मंडळींना अकारात फक्त अभाव दिसतो. नञ् समासापलीकडं वाचनच नाही.
तर पन्नास कोरे हजर, अधिक तीस अ हजर. शंभर टक्के. मला स्वतःलाही जरा जास्त वाटले. पण गणितापुढं कोणाचं चालतं.

१८ नोव्हेंबर
प्राचार्या बाईंच्या नावे अर्ज. चार पानी. सोबत या सत्रात छापून आलेल्या माझ्या बातम्यांची कात्रणं, तारीखवार. अर्जदार कोण आहे ते कळावं म्हणून.
अर्ज घेताना तन्वीर हळूच म्हणाला, काका, ये नक्को देओ. हमीपत्र द्या ना सीधं. अतुल सरांनीही जिन्यात गाठलं. म्हणाले, काका, मागं घ्या, माझं ऐका. दोघांचे चेहरे उतरलेले.
चोर घाबरले. अर्ज दिलाच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सुनावणी. बाईंना माझं म्हणणं शब्दशः मान्य. तीसही अ माझेच, त्या तीस दिवशी मी हजर. तसं लिहूनही घेतलं. मी तन्वीरकडं पाहिलं. तो पंख्याकडं पाहत होता.
मग बाईंनी विचारलं, अ टाकल्याशिवाय तुम्ही कधी तासाला बसलात का? मी शिस्तीचा माणूस. म्हटलं, एकदाही नाही.
त्यांनी कात्रणांची फाईल उघडली. अप्पाराव, वैजापूर, ता. ६. अप्पाराव, गंगापूर, ता. ९. एकेका कोऱ्या चौकोनावर बोट ठेवत गेल्या. प्रत्येक तारखेला मी कुठंतरी हजर होतो. कॉलेज सोडून.
अतुल सर खाली मान घालून म्हणाले, वडिलांच्या वयाचा माणूस, त्यांच्यापुढं अ कसा लिहायचा, म्हणून मी कोरं सोडत होतो.
ऐंशीपैकी तीस. साडेसदतीस टक्के.
चहा आला होता. मी घेतला नाही. बिस्किटंही नाहीत.

२४ नोव्हेंबर
निलंबन, एक वर्ष. पुनर्प्रवेशाचा अर्ज जूनमध्ये. डेस्क वर्षभर रिकामं ठेवता येत नाही, असं संपादक म्हणाले. प्रणयचा फोन आला. काका, उद्या वैजापूरहून कांद्याचे भाव किती वाजेपर्यंत पाठवाल? आदरानं विचारलं. त्यातही काही सापडतंय का, बघितलं. सापडलं नाही.
सुरेखा म्हणाली, पण जिंकलात ना.
चार वाजता निलंबनाचं पत्र आणायला गेलो. तन्वीरनं पोचेवर सही मागितली, नेहमीसारखी केली. त्यानं कागद पाहिला आणि तसाच परत माझ्यापुढं सरकवला. म्हणाला, काका, पुरी सही करा. नाय तर सस्पेंड व्हायलाही गैरहजर दिसाल.