कारल्याला मोठे जावई म्हणणाऱ्या मामाजींना

प्रिय मामाजी,

गेलेल्या सासऱ्याला कुणी पत्र लिहितं का? मी लिहिते आहे. आज तिरोड्याच्या आपल्या घरात एक गोष्ट घडली आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

आधी माझी जुनी तक्रार ऐका. नव्व्याण्णव साली मी वर्ध्याकडून सून होऊन आले. पहिल्याच पंगतीत तुम्ही भातात मधोमध खड्डा केलात आणि ओरडलात, "सुनबाई, इटियाडोह सोड!" मी पातेलं धरून उभी. धरणाचं पाणी मी कुठून सोडू? सगळे हसले तेव्हा कळलं, कढी वाढायची होती! पातळ वरण म्हणजे बोदलकसा तलाव, डाळ शोधायला त्यात जाळं टाकावं लागतं म्हणे. आयते, म्हणजे तांदळाची ती पातळ धिरडी, तुमच्यासाठी रुमाल.

सासूबाई, म्हणजे आपल्या आत्याबाई, चिडायच्या. "अन्नाले नावं ठेवता? पाप लागते."

"नावं कुठं ठेवून राहिलो? बारसं करून राहिलो!"

आणि कारलं म्हणजे मोठे जावई. कितीही गूळ घाला, कडूच! मी ही भाषा पटकन शिकले आणि तिथेच घात झाला. आठवतं ना? तुमच्या थोरल्या लेकीचे, शोभाताईंचे यजमान त्यांना घेऊन आमगावहून आले होते. ते ओसरीवर बसलेत, हे मला ठाऊकच नव्हतं. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आत्याबाई, मोठे जावई कापले! आता मीठ लावून पिळते!"

जावईबापू उठले. "चाल वो शोभा," एवढंच म्हणाले आणि न जेवता निघाले. शोभाताई डोळे पुसत मागोमाग.

मी कोपऱ्यात रडत बसले. वाटलं, आल्या आल्या मी या घराच्या लेकीचं माहेर तोडलं. तुम्ही दारात येऊन म्हणालात, "तू काऊन रडून राहिली? नाव मी ठेवलं, निस्तरीन बी मीच. डबा भर." डब्यात काय? तीच तळलेली कारली!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तुम्ही आमगावला गेलात. तिथलं सगळं मला शोभाताईंनी सांगितलं. तुम्ही जावयापुढे डबा उघडलात. "जावईबापू, साऱ्या भाज्याइत मले हेच आवडते. कडू हाये, पर रोज पायजे. म्हणून तुमचं नाव देल्लं."

जावईबापूंनी डबा जवळ ओढला. मग एक फोड तोंडात टाकून म्हणाले, "ठीक हाये. मंग आजपासून आमच्या घरी सुक्या झिंग्याइले सासरे म्हणतीन. दिसाले एवढेसे, पर वास साऱ्या मोहल्ल्यात!"

तुम्ही इतके हसलात की ठसका लागला! लेक-जावयाला सोबत घेऊनच परतलात आणि अंगणातूनच हाक दिलीत, "सुनबाई, सासरे शिजव!" त्या दिवशी हे घर माझं झालं.

मामाजी, एक बोलू? रागावू नका. सगळी नावं तुम्हीच ठेवलीत, दुसऱ्याला संधीच दिली नाहीत! म्हणून तुम्ही गेल्यावर ती उच्चारायची कुणाची हिंमत होईना. आम्ही कढीला कढी म्हणू लागलो. आत्याबाई तर सगळ्यांचं आटोपल्यावर चुलीपाशी एकट्याच दोन घास खायच्या. मी किती बोलावलं, नाहीच आल्या.

आता आजचं सांगते. तुमच्या धाकट्याचं, विनोदचं, नुकतंच लग्न झालं. आज त्याच्या बायकोने, पूजाने, पहिल्यांदाच या घरात सुवारी, म्हणजे आमच्याकडची पुरी, तळली. एकही फुगली नाही. सगळे खाली मान घालून जेवत होते, नेहमीसारखेच. पोरगी रडवेली होऊन मला विचारते, "ताई, कोणीच का बोलत नाही? इतकी बिघडली का?"

मी काही म्हणणार, तोच आत्याबाई चुलीपासून उठल्या. परातीतली एक चपटी सुवारी उचलली, उलटून पालटून पाहिली. "फुगत नाई, रुसत नाई. लय गुणाची हाये वो हे. गुणाबाई!"

आत्याबाई, मामाजी! अन्नाला नावं ठेवली की पाप लागतं म्हणणाऱ्या आत्याबाई!

विनोदचा घास हातातच राहिला. "काय म्हणली, आई?"

"गुणाबाई म्हणलं. वाढ मले दोन."

आधी पूजा हसली, मग आम्ही सगळे. आत्याबाई हसता हसता रडल्या, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. मग आमच्यातच बसून पोटभर जेवल्या.

नाव झकास आहे की नाही? तुमच्या तोडीचं आहे, मान्य करा!

आता माझा शब्द घ्या. आत्याबाईंचं ताट यापुढे चुलीपाशी वाढलं जाणार नाही. पंगतीत जिथे तुमचा पाट असायचा, तिथेच मी रोज त्यांचं पान वाढीन. कुरकुरल्या तरी वाढीन.

तुमची मोठी सून,
मंदा