विलायतेला जाऊन आलेले आजोबा

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार
आजपासून रोज लिहिणार. वही नातीची, अफशाँची, जुनी. अर्ध्या पानांवर गणितं आहेत, तिकडे बघायचं नाही.
कारण मोठं आहे. अफशाँला शाळेत फॅमिली ट्री करायची आहे. मी म्हटलं, दादी बसलीय ना इथे सौदीत, राबिघमध्ये, रिकामी! लिही: माझे आजोबा मुनाफ हम्माद, कोकणातून मुंबईला गेले, जहाजावर चढले, विलायत बघून परत आले. सगळ्या गावाला ठाऊक. तिकडून आणलेला निळ्या फुलांचा कप अजून आपल्या शोकेसमध्ये आहे. तर म्हणते, प्रूफ? बारा वर्षांची पोर दादीला प्रूफ मागते.
ठरवलं. महिन्याच्या आत प्रूफ. सोबत सात पिढ्या. सोबत इंग्रजीही शिकून घ्यायचं.

९ नोव्हेंबर
इंग्रजी उद्यापासून. आज गुडघा.
अफशाँ सांगते, उत्तर इंग्लंडात दर चर्चची आपली हद्द असते, तिला पॅरिश म्हणतात. हद्दीतला जन्म, लग्न, मरण सगळं वहीत, चारशे वर्षांचं, आणि आता त्या वह्या नेटवर. शाब्बास! आमच्या ग्रामपंचायतीत माझ्या एकटीच्या जन्माची नोंद सापडेना. एक जून टाकली. इकाम्यावर, म्हणजे सौदीच्या राहण्याच्या परवान्यावरही तीच. दर वर्षी एक जूनला पोरं केक आणतात, मी खाते.
हे सगळं रुकय्या विहिणीच्या कानावर घालणार. ती आमच्याच गावची, माझ्या सुनेची आई, मक्केत मुलाकडे असते. तिचे आजोबा कादिर म्हणे बोटीवरून जेद्द्याला उतरले, हज केला, मक्केतच राहिले, तिथेच दफन. दर शुक्रवारी ती कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभी राहून फातेहा पढते आणि मग मला फोन करून सांगते. चौदा वर्षं ऐकतेय. मक्केपुढे कोण काय बोलणार? पण विलायतही काही लहान नाही.

१४ नोव्हेंबर, दुपारी
सापडले! टाईन नदीच्या तोंडाशी कुठलंसं बंदर आहे, तिथल्या पॅरिशच्या वहीत. मुनाफ हम्माद, खलाशी, मुंबई, वय चोवीस. मी स्क्रीनचा मुका घेतला. पुसावा लागला.
सांदणं केली. शेजारच्या सरिता सिस्टरला दिली, तिला हॉस्पिटलची घाई होती तरी सगळं सांगितलं. रुकय्याला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज.

संध्याकाळी
बारीकशी अडचण. ती वही दफनाची आहे. साल १९१३. माझे अब्बा १९२२ चे.
अफशाँ म्हणाली, दादी, ही वॉज डेड. म्हटलं, कारकुनाने घाईत चुकीच्या वहीत लिहिलं असेल, माणसं चुकतात. म्हणाली, दादी, बॉडी होती.

१८ नोव्हेंबर
अफशाँने तिकडे ईमेल केला होता, उत्तर आलं. कोणी चांगली बाई आहे. नोंद बरोबर, न्यूमोनियाने गेले, चर्चच्या आवारात उत्तर कोपऱ्याला पुरलं, दगड नाही. वर लिहिते, तुमच्या दुःखात सहभागी आहे.
सून फरहाना म्हणाली, अम्मी, मग तुम्ही कोणाच्या? सगळे हसले. मी पण थोडी.
इंग्रजी: सी पर्यंत आले.

२१ नोव्हेंबर
गावी शरफुन्निसा फुफीला फोन लावला. आजोबांची धाकटी लेक, वय शहाण्णव, कान पक्के. आधी हसली. इतकी हसली की कवळी काढून ठेवावी लागली.
म्हणाली, माझा बाप आणि जहाज? खाडी ओलांडताना होडीत ओकायचा तो! नल्ली काढली, म्हणजे खलाशाचं पुस्तक. गोदीपर्यंत गेला. बोट बघून मागे फिरला. सोबत कादिर होता, रुकय्याचा आजा. त्याच्या एका डोळ्यात फूल, डॉक्टराने नापास केलेला, घरी बायको पोटुशी. पुस्तकावर तेव्हा फोटो नसायचा. दोस्ताने दोस्ताला पुस्तक दिलं. पुष्कळ जण करायचे तसं. कादिर मुनाफ होऊन चढला.
आजोबा मुंबईत गाववाल्यांच्या खोलीवर लपून राहिले. पाच महिन्यांनी तिथे तार आली, मुनाफ हम्माद वारला. ती आजोबांनी स्वतः अंगठा देऊन घेतली.
पोलिसाच्या भीतीने गावी येऊन कादिरच्या बायकोला सांगितलं, तो मक्केत राहिला.
मी विचारलं, आणि कप? फुफी म्हणाली, भेंडी बाजार.

२२ नोव्हेंबर
रुकय्याला आज सांगायचंच. सत्य ते सत्य. खोटं आमच्या घरातून निघालं, तर ते मीच मिटवायला हवं.

२३ नोव्हेंबर
तिचं बीपी वाढलंय. बरं झाल्यावर.

२५ नोव्हेंबर
बीपी उतरलं. आमचं नेट गेलं. म्हणजे मीच बंद केलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
तिचाच फोन आला. कबरस्तानाबाहेरूनच. नुकतीच फातेहा पढून झालेली, आवाज ओला. मी तोंड उघडलं. सांगणारच होते. तर म्हणते, विहीणबाई, आज जरा जास्त वेळ उभी राहिले. फरहाना सांगत होती, तुमच्या आजोबांची कबर परमुलखात निघाली, कोणी विचारणारं नाही. म्हणून त्यांच्याही नावाने पढले.
विचारलं, काय नाव घेतलंत? म्हणाली, मुनाफ हम्मादच ना?
हो म्हटलं. तिकडे उत्तर कोपऱ्यात पुरलेल्या तिच्या आजाचं वहीत तेच नाव आहे.
मी एकदम गुडघ्याचं काढलं. तिला लगेच संशय आला. म्हणाली, का हो, ते तुमचे साहेब नव्हतेच वाटतं? म्हटलं, नाही. कोणी दुसराच निघाला. आमचे गेलेच नव्हते कुठे. इतकी खूश होऊन हसली की तिच्या मागे कोणी तरी अरबीत ओरडलं.
मग मी विचारलं, तरी दर शुक्रवारी घ्याल का मुनाफ हम्माद हे नाव? म्हणाली, घेईन, पण विलायत सोडा.
म्हटलं, सोडली. खलास.