वळणावरची भोकं

३ डिसें.
सरांनी परवानगी दिली. धातूच्या थ्रीडी प्रिंटरमध्ये, कामाच्या प्लेटच्या रिकाम्या कोपऱ्यात, लग्नासाठीची माझी दोन जोडवीही छापून निघाली. स्टीलची भुकटी, लेझर, थर वितळतो, थिजतो, वर पुन्हा भुकटी. चांदीची आई घेईलच. ही माझ्या हातची. कडा दोनदा तपासल्या, बोटाला लागायला नकोत.

७ डिसें.
एकोडीला कल्याणीच्या घरी आमचं साक्षगंध झालं, लग्न पक्कं. मापासाठी म्हणून एक जोडवं तिच्या हातात गुपचूप दिलं.
"लोखंडाचं? गंजलं त?"
"नाई गंजत."
"लिहून द्या मंग."
हसली. परत दिलं नाही.

१५ डिसें.
त्या प्लेटवरचा नमुना कापला तर आत बारीक, गोल भोकं. सर वैतागले. उष्णता जास्त झाली की लेझरखाली खोल खड्डा पडतो, त्याच्या भिंती मिटतात, तळाशी बुडबुडा अडकतो. मग तो वितळलेल्या धातूबरोबर वाहतो. पुन्हा खड्ड्यात शिरला तर सुटला. नाहीतर धातू थिजेल तिथेच. वळणावर लेझर मंदावतो, तिथे जास्त.
फोनवर क.ला सांगितलं. म्हणाली, "मंग त्यानं लवकर निंगाव ना!"

२२ डिसें.
क.च्या भावाचा बाबांना फोन. लग्न मोडलं. "पोट्ट्यानं आयटीआयबी पुरं नाई केलं." तिच्यासाठी सानगडीचा नोकरीवाला मिळाला आहे. बाबा फोन हातातच धरून बसले.
क. फोन उचलत नाही. तिला विचारलं तरी असेल का, की तीच नको म्हणाली…

२६ डिसें.
तिचे मामा सामान परत देऊन गेले. साडी, अंगठी, पैंजण. चहाही घेतला नाही. आई म्हणाली, "सारं आलं."
मी पिशवी उलटी करून झटकली. जोडवं नाही. साडीच्या घड्या उलगडून पाहिल्या. नाही.
आईला ते माहीतच नाही.

३० डिसें.
सर म्हणाले, "तुझे जोडवेबी त्याच प्लेटवरचे. आण, कापून पाहू. दुसरं कुठी हाय?"
"दिलं."
माझ्याकडचं मीच कापलं, घासलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. वळणावर भोकं. बाहेरून किती गुळगुळीत होतं.
"दुसऱ्यातबी असतीन. मागवून घे."
"पायात घालाले चालते का, सर?"
"पायात? जलमभर चालते."

३१ डिसें.
फोन करायला कारण मिळालं आहे. दोनदा नंबर काढला. पण जोडवं मागितलं तर ती देऊन टाकेल. म्हणून अजून लावला नाही.