झोक्याच्या आंब्याची तुळई

प्रिय हर्षाली,

तुला आणि पोटातल्या जिवाला माझे आशीर्वाद. फोन असताना चिठ्ठी कशाला, असं म्हणशील. फोनवर बोलायला लागले की तुझे आबा शेजारी येऊन बसतात आणि स्पीकरवर लाव म्हणतात. म्हणून आपल्या गावातल्या आदेशच्या हाती देतेय. चाकणला कामावर जाताना तो तुझ्याकडे वाकडी वाट करील. एकटी असताना वाच. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत, घाबरू नकोस. घाबरायचं काम सध्या माझ्याकडे आहे.

तुझ्या बाळंतपणासाठी आबांनी घराच्या मागच्या अंगाला खोली काढली, हे तुला ठाऊक आहे. तिची तुळई कशाची, ते त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. बांधावरचा तुझ्या झोक्याचा आंबा वावटळीत पडला, त्याची. पडला तेव्हा माणूस नीट जेवलासुद्धा नाही. मग एका सकाळी उठले आणि म्हणाले, "हर्षीचा झोका ज्याला व्हता, त्यालाच तिच्या लेकराचा पाळणा बांधायचा." त्यांचं तोंड बघून मी हो म्हटलं.

लाकडाच्या बाबतीत आबा किती सोवळे ते तू लहानपणापासून बघतेस. राजुरीत कुणी घर काढलं की हे न बोलावता हजर. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलंय का, ओढ्यात भिजत घातलं का, सावलीत वाळवलं का, सगळी उलटतपासणी. सावळाराम भावजींनी आंब्याचे वासे आणले तेव्हा भर चौकात "आंबा चुलीत घाला राव, डोक्यावर नगा घालू," म्हणून ते परत धाडायला लावले. भावजी अजून फुरंगटलेले आहेत. आणि हाच माणूस लेकीच्या मायेत ओलाच आंबा करवतून वर चढवून मोकळा झाला. रंगारी भिंतींसाठी आलेलेच होते, त्यांच्याकडून वर चकचकीत ऑइलपेंट मारून घेतला. आतली ओल आतच कोंडली.

आता तुझ्या खाटेवर रोज सकाळी पिवळसर पीठ पडलेलं असतं. आधी वाटलं, भिंतीची धूळ असेल. मग तुळईला किड्यांनी पाडलेली बारीक भोकं दिसली. भिंतीत गेलेल्या टोकाला रंगाचे फोड आलेत. मी स्टुलावर चढून कांद्याच्या गोण्या शिवायचं दाभण टोचून बघितलं, तर ते लोण्यात जावं तसं आत गेलं आणि काळा ओला लगदा घेऊन बाहेर आलं. वर पत्रे, पत्र्यांवर दगड आणि बरोबर खाली तुझी खाट. जरा वारं सुटलं की माझा जीव वरखाली होतो.

आबांना सांगायची हिंमत झाली नाही. ते रोज पाळण्याच्या कड्या घासून चकचकीत करत बसतात. शिवाय भावजींना कळलं तर ते गावभर करतील. म्हणून आबा उठायच्या आत मी गुपचूप झाडून घ्यायचे.

परवा डेअरीत दूध घालायला आधी गेले आणि झाडायचं राहिलं. धावत परत आले तर खाट स्वच्छ. आबा ओट्यावर बसून बनियनवरचं पीठ झटकत होते. मला बघून म्हणाले, "दळणाला गेल्तो." दळण तर मी आदल्या दिवशीच आणलं होतं, पोरी. मी चहा ठेवायला आत गेले. तेव्हापासून आम्ही दोघं त्या खोलीचं नावच काढत नाही.

त्यांना सगळं कळलंय, पण ती तुळई त्यांच्या हातून उतरत नाही आणि उतरवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुझा शब्द मात्र ते कधी खाली पडू देत नाहीत. म्हणून ही चिठ्ठी. वाचलीस की फोन कर, स्पीकरवर तर लावतीलच. म्हण, आबा, मला लाकडाची तुळई नको, लोखंडी टाका, आणि पाळणा मला टांगायचा नको, खाली ठेवायचाच हवाय. बाकी काही बोलू नकोस. आणि ती उतरेपर्यंत माहेरी येऊ नकोस, बाळा. मी रोज दारात उभी राहून तुझी वाट बघतेय, तरी येऊ नकोस.

तुझीच,
आई