पानाच्या देठाशी

२० एप्रिल, सोमवार

सरावाहून आले, डोकं ठणकतंय. परवा वसुंधरा दिन. अख्ख्या कॉलेजने हिरवे टी-शर्ट घालून मैदानावर उभं राहायचं आणि वरून ड्रोनने फोटो काढायचा — आम्ही सगळे मिळून एक मोठं पान. 'हवामान वाचवा' वगैरे. कल्पना आईची. ती आमच्याच कॉलेजात पर्यावरण शिकवते, म्हणजे मला नाही म्हणायची सोय नाही.

नाशिकहून इथे कानडी मुलखात आलो तेव्हा हवा इतकी गार, की बोगादीच्या घरात बाबांनी पंखेसुद्धा उशिरा बसवले म्हणे. यंदा दोन्ही खोल्यांत एसी. संध्याकाळचे वळीवही अजून नाहीत. मैदानाच्या कडेची झाडं गेल्या वर्षी पार्किंगसाठी तोडली. तेव्हा आई प्रिन्सिपल सरांशी भांडली होती. हरली.

२२ एप्रिल, बुधवार

अक्षर नीट येत नाहीये. लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

सुष्मा पडली.

आम्ही दोघी मैत्रिणी पानाच्या देठाशी उभ्या होतो. प्रमुख पाहुणे आलेच नाहीत, त्यांच्यासाठी सगळे थांबलेलो. दुपार झाली. टी-शर्ट नायलॉनचा, खाली मैदानाच्या कडेची पार्किंगची फरशी, चपलेतून चटका. सुष्मा म्हणाली, "साकु झालं गे इरा, पुरे. डोकं फिरतंय." तिचं मराठी असंच, अर्धं कानडी. इथल्याच चामराजपुरमला पिढ्यान् पिढ्या राहतात ते लोक. मग तिने हात वर केला. आई जवळच माइक घेऊन उभी होती. "मॅडम, स्वल्प बसते." आई म्हणाली, "दोनच मिनिटं गं. ड्रोन वर गेलाय. कुणी हलू नका, पान बिघडेल."

दोन मिनिटं नव्हती ती.

सुष्माने दुसऱ्यांदा विचारलं. आईने हातानेच 'थांब' केलं. मग सुष्मा काहीतरी असंबद्ध बोलायला लागली, शाळेतल्या कुठल्या टीचरना हाका मारत होती. मी तिचा दंड धरला तर कातडी कोरडी आणि तव्यासारखी तापलेली. घामच नाही. आणि ती सरळ खाली गेली. झटके आले. तोंडातून फेस.

कुणीतरी पाणी ओतलं. रिक्षातून नेलं. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, माइक अजून हातात.

२३ एप्रिल

आयसीयू. बर्फात ठेवलंय. मूत्रपिंडं नीट चालत नाहीत. डॉक्टर म्हणाले, मेंदूला उष्णता किती लागली ते आत्ताच सांगता येणार नाही.

मला बाहेर उन्हात जायची भीती वाटते. गच्चीवर कपडे आणायला गेले, ऊन मानेवर पडलं आणि छाती धडधडायला लागली. कपडे तसेच टाकून खाली पळाले.

ऊन. नुसतं ऊन. त्याला घाबरून पळून कुठे जायचं?

२५ एप्रिल

कॉलेजने पत्रक काढलं. 'विद्यार्थिनी उपाशीपोटी आल्याने भोवळ आली.'

उपाशीपोटी? सकाळी कॅन्टीनमध्ये तिने माझ्यासमोर इडल्या खाल्ल्या. माझ्या ताटातला वडासुद्धा उचलला.

आईला वाचून दाखवलं. ती भांडी घासत होती. पाणी चालूच ठेवलं.

"आई, ती खाऊन आली होती."

"माहीत आहे मला."

"मग?"

"इरा, आत्ता नको."

२७ एप्रिल, सोमवार

चौकशी समिती नेमली आहे. देठाशी उभ्या असलेल्या आम्हा मुलींना बोलावणार. आई माझ्या खोलीत आली, दार लावलं. इतकी म्हातारी कधी दिसली नव्हती.

म्हणाली, "प्रिन्सिपल सर म्हणाले, काही ऐकू आलं नाही एवढंच सांगायचं. स्पीकर चालू होता, गोंगाट होता."

"तू काय म्हणतेस?"

ती माझ्या उशीची खोळ सरळ करत राहिली. मग म्हणाली, "मला तुरुंगाची भीती वाटते गं."

माझी आई. झाडांसाठी भांडणारी.

२८ एप्रिल

सांगितलं. "मला काही ऐकू आलं नाही." तीन जण होते, कुणी दुसरा प्रश्नही विचारला नाही. सही केली आणि बाहेर आले.

३० एप्रिल, गुरुवार

सुष्माला वॉर्डात हलवलं. मी एकटीच गेले, रिक्षाने, सगळा वेळ ओढणी डोक्यावरून घट्ट.

तिने डोळे उघडलेत. वाचेल. पण बोलते ते कळत नाही, शब्द एकमेकांत अडकतात, जीभ जड. पेला तोंडाशी नेताना हात भलतीकडेच जातो. मला ओळखलं. हसली बहुतेक. तोंडाची एकच बाजू हलली.

बाहेर बाकावर तिची आई, वनजाकाकू. शेजारी वडील, मानाजीराव, भिंतीकडे बघत. काकूंनी माझा हात धरला. "मीच केली गे हे. त्या दिशी तिंडी न देता पाठविली पोरीला. 'कॅन्टीनात खाते' म्हणाली, मी उगी बसली. एक दोसा घालून दिली असती तर..."

तिंडी म्हणजे न्याहारी. काकू आठवडाभर हेच घोकत बसल्या होत्या. मानाजीराव म्हणाले, "रोज हेच म्हणती. जेवतही नाही."

मला वाटलं पळून जावं. मग बोलूनच टाकलं.

"काकू, ती खाऊन आली होती. माझ्याबरोबर." आणि थांबता येईना. सुष्माने बसायला मागितलं, दोनदा मागितलं, आणि थांब म्हणाली ती माझी आई. समितीसमोर मी खोटं बोलले.

काकूंनी माझा हात सोडला नाही. आवळला, इतका की बांगडी रुतली. मग मानाजीरावांनी विचारलं, "तू हे इथं सांगतेस ते मॅडमना ठाऊक आहे?"

"नाही."

"मग आधी घरी जाऊन सांग."

आवाज चढवला नाही त्यांनी. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

३० एप्रिल, संध्याकाळ

सांगितलं आईला. स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहून. वनजाकाकू स्वतःला दोष देत बसल्यात, तेही सांगितलं. तिने गॅस बंद केला. रागावेल, मारेल, रडेल असं वाटलं होतं. काहीच नाही. आत गेली, कडी लावली.

बाबा म्हणाले, "तुला एक दिवस थांबता आलं नसतं? वकिलाशी बोललो असतो."

मी काय केलं हे? आपल्याच आईला?

१ मे

आई अजून बोलत नाही. जेवली नाही. दारावर थाप मारली की एवढंच म्हणते, "आहे मी."

बाहेर झाडाचं पान हलत नाही. घरात एसीचा आवाज, बाकी शांतता. कान सारखा त्या दाराकडे. ती काही करून तर घेणार नाही ना? कात्री, गोळ्या, सगळं उचलून माझ्या कपाटात ठेवलंय. बाबांनी ते बघितलं.

२ मे, शनिवार

सकाळी उठले तर आईच्या खोलीचं दार सताड उघडं. पलंग रिकामा. बाबा आणि मी सोसायटीभर धावलो, पाण्याच्या टाकीपर्यंत. उन्हाचं भानही राहिलं नाही.

अकराच्या सुमारास पोलीस ठाण्यातून फोन आला. आई तिथे होती. स्वतःच गेलेली. जबाब दिला, स्वतःचं नाव, सरांचं नाव, सुष्माने किती वेळा विचारलं, सगळं.

आणि साक्षीदार म्हणून तिने माझं नाव दिलंय.